निगेटिव्ह गाठींमागचा प्रश्न



मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली की आतड्याचा काढलेला भाग भोवतालच्या चरबीसकट प्रयोगशाळेत जातो. त्या चरबीत लसिका ग्रंथी असतात. आपण बोलताना त्यांना नुसतं ‘गाठी’ म्हणतो. काही गाठी जेमतेम दोन-तीन मिलिमीटरच्या असतात. पॅथॉलॉजिस्ट बोटांनी चाचपून त्या एकेक करून शोधतात. मग रिपोर्ट येतो, आणि घरातल्या सगळ्यांचे डोळे एकाच ओळीवर खिळतात: गाठींमध्ये कॅन्सर आहे की नाही?

या ओळीचं वजन फार जुनं आहे. लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलमधले कथबर्ट ड्यूक्स यांनी १९३२ साली गुदाशयाच्या कॅन्सरची वर्गवारी मांडली, तेव्हाही आजार गाठींपर्यंत पोचलेले रुग्ण त्यांनी वेगळे काढले होते. आजही गाठीत कॅन्सरच्या पेशी सापडल्या तर तिसरा टप्पा धरतात आणि बहुधा केमोथेरपी देतात. सापडल्या नाहीत तर अनेकांना फक्त नियमित तपासणीला बोलावतात.

पण गाठी निगेटिव्ह असूनही काहींचा आजार उलटतो. ऑपरेशन नीट झालेलं, रिपोर्ट चांगला, आणि दोन वर्षांनी यकृतात डाग. त्या घरावर काय कोसळतं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. असं का होतं? सूक्ष्मदर्शकाखाली गाठीचा चार-पाच मायक्रॉन जाडीचा काप ठेवतात. पोत्यातले मूठभर तांदूळ पाहून सगळं पोतं निवडल्यासारखंच हे. उरलेल्या गाठीत काय आहे, ते कुणी पाहिलेलंच नसतं.

इथे एक प्रथिन मदतीला येतं. त्याचं नाव ग्वानिलिल सायक्लेज सी. प्रवासात दूषित पाण्यातून जुलाब होतात ना, त्यामागच्या एका जिवाणूचं विष आतड्यातल्या याच प्रथिनाला जाऊन चिकटतं. हे प्रथिन आतड्याच्या अस्तरातल्या पेशींवर असतं आणि त्या पेशी कॅन्सरच्या झाल्या तरी बहुधा टिकून राहतं. निरोगी लसिका ग्रंथीत त्याचं काही काम नाही. म्हणजे गाठीत त्याची खूण मिळाली, तर आतड्यातली पेशी तिथवर पोचली असावी.

फिलाडेल्फियातल्या थॉमस जेफरसन विद्यापीठाचे स्कॉट वॉल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. प्रत्यक्ष प्रथिन न मोजता, ते बनवण्याचा निरोप नेणारा आरएनए त्यांनी गाठींमध्ये शोधला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २५७ रुग्ण होते. सगळ्यांच्याच गाठी सूक्ष्मदर्शकाखाली निगेटिव्ह. तरीही २२५ जणांच्या गाठींत ही खूण मिळाली, आणि त्यांपैकी ४७ जणांचा आजार उलटला. खूण न मिळालेल्या ३२ जणांपैकी फक्त दोघांचा.

हे आकडे ऐकून घाबरू नका. खूण मिळालेल्या दर पाचांपैकी जवळजवळ चौघांचा आजार त्या अभ्यासाच्या काळात उलटला नाही. नुसती पेशी पोचणं म्हणजे आजार रुजणं नव्हे. म्हणूनच याच संशोधकांनी पुढे खुणेचं प्रमाणही मोजलं, आणि प्रमाण जास्त तिथे धोकाही जास्त दिसला. मला हा दुसरा शोध पहिल्यापेक्षा मोलाचा वाटतो.

ही तपासणी अजून रोजच्या व्यवहारात आलेली नाही. आरएनए लवकर नासतो, त्यासाठी गाठी ताज्या हव्यात, आणि आपल्याकडे काढलेला भाग सहसा लगेच फॉर्मलिनमध्ये घालतात.

पण एक गोष्ट आजही तुमच्या हाती आहे. रिपोर्टमध्ये किती गाठी तपासल्या तो आकडा लिहिलेला असतो. तो किमान १२ असावा, असा जगभर मान्य झालेला निकष आहे. गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये आधी रेडिएशन दिलं असेल, तर गाठी कमी मिळू शकतात. एरवी आकडा कमी दिसला, तर डॉक्टरांना जरूर विचारा. प्रयोगशाळा काढलेला भाग काही आठवडे जपून ठेवते. त्या चरबीत पुन्हा गाठी शोधता येतात. आणि तरीही त्या कमीच भरल्या, तर केमोचा निर्णय घेताना डॉक्टर तेही लक्षात घेतात.