मुका स्फटिक

राहुरीजवळ मोमीन आखाडा येथें काळ्या पाषाणाच्या पोकळींत अपोफायलाइट, स्टिल्बाइट असे देखणे स्फटिक सांपडले. याच अहिल्यानगर जिल्ह्यांत कित्येक पंपांच्या पेटींत दुसराच एक स्फटिक काम करीत असतो. तो म्हणजे कारखान्यांत वाढविलेल्या क्वार्ट्झचा पातळ काप.

क्वार्ट्झ दाबला असतां त्यावर विद्युत् प्रकट होते, हें क्यूरी बंधूंनीं १८८० सालीं दाखविलें. उलट, वीज दिल्यास तो कंप पावतो. मायक्रोकंट्रोलरला ताल मिळतो तो याच कंपांतून. पुष्कळदां सेकंदाला १ कोटी २० लक्ष. हा ताल सुरू न झाल्यास झडप उघडत नाहीं आणि ऐन वैशाखांत डाळिंबाची बाग सुकूं लागते.

अशा वेळीं चिप बदलण्याची घाई करूं नये. प्रथम वीज पुरेशी आहे काय व रीसेटची तार चिपला अडवून धरीत नाहीं ना, हें पहावें. ताल बाहेरच्या स्फटिकाकडून घ्यावा, ही सूचना चिपमध्यें नोंदलेली आहे कीं नाहीं, तें तपासावें. स्फटिकाच्या दोन्ही टोकांचे कपॅसिटर बहुधा २२ पिकोफॅरडच्या आसपास असतात. फार मोठे बसविल्यास कंप उठतच नाहीं. ओलावा व डाख देतांना राहिलेला फ्लक्स विजेला चोरवाट देतात. तो भाग स्पिरिटानें पुसून वाळवावा.

ऑसिलोस्कोपची सळई लावतांच तिच्या भारानें चालता तालही थांबूं शकतो! म्हणून चिपकडून एखादा दिवा ठराविक अंतरानें लुकलुकवून घ्यावा. दिवा वेळेवर लुकलुकला, तर स्फटिक निर्दोष समजावा व दोष पुढें शोधावा.