चिठ्ठी देणारा मामा

(वरळीच्या बीडीडी चाळीत महिला मंडळाच्या बैठकीत केलेलं भाषण)



मागच्या महिन्यात चाळीतली एक मुलगी माझ्याकडे आली. बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलंय. म्हणाली, "ताई, मला वन्यजीवांचं काम करायचंय. आई म्हणते, आधी कुणी ओळखीचं आहे का बघ."

आईचं बरोबर आहे. सलीम अलींची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय. खेतवाडीत मामाकडे वाढणाऱ्या पोरानं छऱ्याच्या बंदुकीनं चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग. मामा अमिरुद्दीन तय्यबजी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद. त्यांनी चिठ्ठी दिली आणि सोसायटीचे मानद सचिव मिलार्ड यांनी पोराला पेंढा भरलेले पक्षी दाखवले, पुस्तकं दिली. मिलार्ड मोठ्या मनाचे, यात शंका नाही. पण चिठ्ठी लिहिणारा मामा घरातच होता, हे कुणी ठासून सांगत नाही. गिरणी कामगाराच्या घरात असा मामा कुठून यायचा?

मद्रासची जे. विजया कॉलेजात असतानाच तिथल्या सर्पोद्यानात जायला लागली. रोम्युलस व्हिटेकर यांनी तिच्या हाती खरं काम सोपवलं. शास्त्रज्ञांना सत्तर वर्षं न दिसलेलं कासव तिनं १९८२ साली केरळच्या जंगलात शोधलं. १९८७ साली ती गेली, तिशीही गाठली नव्हती. २००६ साली त्या कासवाला तिचं नाव मिळालं, विजयाकेलिस.

मी याच चाळीतली. १६० चौरस फुटांत आम्ही सात जण. पहिल्यांदा जंगलात गेले ती बिनपगारी, 'अनुभव मिळेल' म्हणून. गाडीभाडं, जेवणाचे पैसे आपले. आईनं भिशी उचलली. राहायला पुरुषांबरोबर एकच खोली, मोरीला कडी नाही. सरांना सांगितलं, तर म्हणाले, "एवढं सोसत नसेल तर हे क्षेत्र तुझं नाही." आणि तेच सर पावलांचे ठसे इतके सुंदर शिकवायचे की मला आजही तसं शिकवता येत नाही. म्हणूनच हे बोलायला मला बारा वर्षं लागली.

तेव्हा मार्गदर्शक शोधताना मुलींनी आधी तीन प्रश्न विचारावेत: पैसे किती, राहायचं कुठं, तक्रार कुणाकडे? २०१३ चा लैंगिक छळाविरुद्धचा कायदा बिनपगारी शिकाऊ मुलीलाही लागू आहे. दहा माणसं काम करतात तिथं अंतर्गत समिती हवीच. हे विचारलं की काही जण तोंड वाकडं करतील. करू देत, वेळेवर कळलं.

आणि सुरुवातीला ताडोबाच कशाला? आपल्या वरळीच्या खडकांवर प्रवाळ आहेत. वाघासारखेच तेही १९७२ च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात. कोस्टल रोडसाठी २०२० साली इथले काही प्रवाळ उचलून दुसरीकडे लावावे लागले. खेकडे, शंख, समुद्रफुलं ओहोटीला पायाशी दिसतात. भाडं लागत नाही, संध्याकाळी घरी परत.

त्या मुलीला घेऊन मी येत्या रविवारी जाणार आहे. वही, पेन्सिल आणि न घसरणाऱ्या चपला आणा. तिची आईही येतेय, तिला सरांना विचारायचे ते तीन प्रश्न आधी मला विचारायचे आहेत.