मालगुडी पुन्हा पाहताना

‘मालगुडी डेज’ ही मालिका आज पुन्हा पाहायला घेतलीत, तर आधी जाणवतो तो संथपणा. साध्याशा प्रसंगावरही कॅमेरा खुशाल रेंगाळतो. लहानपणी आपण सगळे तिच्यातल्या छोट्या स्वामीच्या बाजूचे. आता मात्र गिरीश कार्नाडांनी साकारलेले त्याचे कडक वडील फारसे चुकीचे वाटत नाहीत!

लेखक आर. के. नारायण यांचं मालगुडी हे गाव नकाशावर नाही. १९८६च्या सुमारास दिग्दर्शक शंकर नाग यांनी ते उभं केलं कर्नाटकातल्या आगुंबे इथं, ऐन पश्चिम घाटात, जिथं पाऊस कोसळायला लागला की थांबायचं नाव घेत नाही. शंकर नाग मूळचे कर्नाटकातले, पण मुंबईच्या मराठी रंगभूमीवरही वावरलेले. मालिका बनली हिंदीत आणि इंग्रजीत. रेखाचित्रं नारायण यांचे धाकटे बंधू आर. के. लक्ष्मण यांची. आणि एल. वैद्यनाथन यांची ती धून? कथा विसरलेली माणसंसुद्धा ती अजून गुणगुणतात.

मालगुडीचं स्टेशन म्हणून दिसलेलं अरसाळू शिवमोग्गा जिल्ह्यात आहे. तिथल्या जुन्या इमारतीत रेल्वेनं आता मालगुडी संग्रहालय केलंय.