शाळेचे नाटक आणि शनिवारची रात्र

(श्री देव रवळनाथ मंदिराच्या कलशारोहण सोहळ्यात दुसऱ्या रात्री, दशावतारी प्रयोगापूर्वी केलेले भाषण)



मी काही वक्ता नव्हे. शिक्षण म्हणाल तर एस.एस.सी., आणि नोकरी तालुका कचेरीत कारकुनाची. आलेल्या टपालावर शिक्का मारायचा, नोंदवहीत क्रमांक घालायचा आणि कागद पुढच्या टेबलावर सरकवायचा, हे माझे काम. तरी समितीने मला दहा मिनिटे दिली आहेत, त्याचे कारण एक पत्र्याची पेटी आहे.

देवळाची जुनी कौले उतरवली त्या दिवशी माळ्यावर जे जे सामान सापडले त्याची यादी करण्याचे काम माझ्याकडे होते. दोन फुटक्या समया, पालखीचा जुना दांडा, एक मोडका मृदंग, आणि कोपऱ्यात ही पेटी. कुलूप गंजलेले होते, ते हाताने ओढताच निघाले. आत उंदरांनी कुरतडलेला हिरवा पडदा, दोन लाकडी तलवारी, बेगड उडालेला एक मुकुट आणि दोऱ्याने बांधलेल्या नकला. तरुण मंडळींसाठी सांगतो, पूर्वी नाटकात प्रत्येकाला आपापल्या भाषणांपुरता वेगळा लिहिलेला कागद देत, त्याला नक्कल म्हणत. हे सर्व आपल्या हायस्कुलाचे सामान होते. मी यादीत सवयीप्रमाणे लिहून टाकले, 'अ. क्र. १४, निरुपयोगी वस्तू, एक पेटी.' आणि मग त्या नकलांतील एका कागदावर माझे स्वतःचे नाव दिसले.

आपल्या सिंधुदुर्गात नाटक कोणी आणून लावावे लागत नाही. कार्तिकापासून जत्रा सुरू झाल्या की गावोगावच्या देवळांपुढे दशावतार उभा राहतो. आज रात्री तुम्ही तोच पाहणार आहात. आधी गणपती, मग सरस्वती, मग ब्रह्मदेवाचे वेद पळवणारा काळा संकासुर, आणि त्यानंतर आख्यान. लिहिलेले नाटक नाही, पाठ केलेली भाषणे नाहीत, नेपथ्य म्हणजे एक लाकडी बाक. तोच बाक सिंहासन, तोच पर्वत आणि तोच रथ. दिवसा शेतात राबणारा वा कुठे हमाली करणारा माणूस रात्री तोंडाला सफेता फासून इंद्र होतो, आणि पहाटे दहीहंडी फुटली की पेटारा उचलून पुढच्या गावाला निघतो. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले तेथून मराठी रंगभूमीची सुरुवात मोजतात, आणि ५ नोव्हेंबरला तिचा दिवस पाळतात, ते योग्यच आहे. पण आपल्या आजोबा-पणजोबांना तिकिटाच्या नाटकाआधी देवळापुढचे हे नाटक ठाऊक होते, हेही सांगावेसे वाटते.

ह्या मातीतून माणसेही तशीच निघाली. आरवलीचे जयवंत दळवी, 'संध्याछाया' लिहिणारे. कुडाळात खाणावळ चालवून कविता आणि नाटके लिहिणारे चिं. त्र्यं. खानोलकर. आणि १९८० साली गंगाराम गवाणकरांचे 'वस्त्रहरण' आले, त्यात तर गावातले हौशी नाटकवालेच रंगमंचावर उभे राहिले. मच्छिंद्र कांबळींनी त्याचे हजारो प्रयोग केले. लोक पोट धरून हसतात, पण माझ्यासारख्याला ते पाहताना थोडे ओशाळवाणेही होते. कारण त्यात जे जे घडते, त्यातले बरेचसे आमच्या हातून खरोखरच घडले आहे. ते कसे, ते सांगतो.

साल १९९४. मी नववीत होतो. शनिवारी शाळा सकाळची, म्हणून तालमी शनिवारी दुपारी. चित्रकलेच्या गुरुजींनी आग्र्याहून सुटकेचा प्रवेश स्वतः लिहिला होता. १६६६ साली महाराज पेटाऱ्यातून निसटले आणि त्यांच्या जागी बिछान्यावर हिरोजी फर्जंद पांघरूण घेऊन पडून राहिला, ही कथा आपण सर्व जाणतो. माझी उंची बेताची आणि आवाज त्याहून बेताचा, म्हणून गुरुजींनी मला हिरोजी केले. काम काय, तर वीस मिनिटे गोधडीखाली निजायचे, एक हात बाहेर ठेवायचा, आणि शेवटी उठून पहारेकऱ्यांना सांगायचे की महाराजांचे डोके दुखते आहे, गडबड करू नका, मी औषध आणायला जातो. एवढे एकच भाषण.

माझे वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यांतले जे पुन्हा आत गेले नाहीत त्यांत आमचे वडील एक. गावी आले ते एक वळकटी आणि एक ट्रंक घेऊन. लालबाग-परळात असताना त्यांनी कामगारांच्या नाटकांतून कामे केली होती, परळच्या दामोदर हॉलमध्येही एकदा उभे राहिले होते. घरी ते फारसे बोलत नसत. पण माझी नक्कल पाहिल्यावर मात्र रोज रात्री जेवण झाले की मला अंगणात उभे करीत आणि ते एकच भाषण वदवून घेत. पहारेकऱ्याचे काम ते स्वतः करीत. घरात भाताची पेज आणि सुक्या मासळीवर दिवस चालले होते, त्या दिवसांत आमच्या अंगणात आग्रा उभा राहत असे. आई चुलीजवळून हसे.

संमेलन ह्याच मांडावर झाले. शाळेची टेबले जोडून रंगमंच केला, वर झावळ्या, एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका, मागे भजी आणि खाज्याची दुकाने. वीज अधूनमधून जात असे म्हणून दोन गॅसबत्त्या पेटवून तयार होत्या. पडद्याआड शाळेचे शिपाई प्रॉम्प्टिंगला बसले होते. ते सातवी पास, पण सर्व नाटक त्यांना मुखोद्गत.

आता माझी फजिती ऐका. तो डिसेंबर महिना, थंडी पडलेली, गोधडी माझ्या आईची, घरच्या वासाची. मी निजलो तो खरोखरच निजलो. महाराज पेटाऱ्यातून गेले, पहारेकरी जांभया देऊन झाले, प्रवेश माझ्या भाषणाशी येऊन थांबला, आणि हिरोजी घोरतो आहे! पाय चेपणारा मदारी मेहतर चिमटे काढतो आहे, शिपाई पडद्याआडून 'उठ रे, उठ' म्हणून ओरडताहेत, तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जातो आहे. शेवटी मदारीने गोधडीच ओढली. मी दचकून उठून बसलो आणि भर दरबारात म्हणालो, "आये, चाय दी."

पुढची पाच मिनिटे नाटक बंद होते. लोक अक्षरशः लोळत होते. त्या दिवसापासून अर्ध्या वाडीसाठी मी हिरोजी झालो. आजही कचेरीत दाखला न्यायला आलेली म्हातारी माणसे खिडकीतून 'हिरोजी आसा काय रे?' असे विचारतात. साहेब नवीन असले की गोंधळतात.

त्या रात्री घरी जाताना वडील पुढे बॅटरी घेऊन चालत होते, मी मागे. मला वाटले, आता मार बसणार. व्हाळ ओलांडला तेव्हा ते थांबले आणि म्हणाले, "पहारेकऱ्यांका खराच वाटला मा, तू निजलंस म्हणान? मग झाला तर." आणि पुन्हा चालू लागले. त्यानंतर सहा वर्षांनी ते गेले. नाटकाविषयी ते माझ्याशी बोलले ते एवढेच.

आरतीच्या ताटात जमलेल्या पैशांतून शाळेने तो हिरवा पडदा घेतला. शाळेत ओल येते म्हणून पेटी देवळाच्या माळ्यावर ठेवण्याची परवानगी तेव्हाच्या मानकऱ्यांनी दिली. मग रामायण-महाभारत घरोघरी टी.व्ही.वर पाहून झालेले होतेच, त्यात केबल आली, मग मोबाईल आला. तरी संमेलन रडतखडत चालले होते. २०२० च्या मार्चमध्ये सर्व बंद झाले आणि त्यानंतर शाळेचे नाटक उभे राहिले नाही.

येथे मला माझीच एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती फजितीची नाही. गेल्या वर्षी शाळेने पुन्हा नाटक बसवायचे ठरवले होते. मुले थोडी, त्यांत बोलकी सात-आठ. माझी मुलगी दहावीत होती, तिला मुख्य काम दिले. बाईंनी पालकांच्या संमतीसाठी चिठ्ठी पाठवली. मी ती वाचली आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहिले, 'दहावीचे वर्ष असल्याने परवानगी देता येत नाही.' खाली सही, तारीख. अगदी कचेरीतला शेरा. मुलगी काही बोलली नाही. चिठ्ठी घडी करून दप्तरात ठेवली. पुढे कळले की आणखी चार पालकांनी तसेच लिहिले, त्यांतल्या दोघांनी तर मी नकार दिला हे ऐकून. नाटक रद्द झाले. मुलीला टक्के चांगले पडले. नाटक केले असते तर किती कमी पडले असते, हे मला सांगता येणार नाही.

पेटीतली नक्कल हातात आली तेव्हा मला ती चिठ्ठी आठवली. अ. क्र. १४ समोरचे 'निरुपयोगी' मी खोडले. यादीत खाडाखोड चालत नाही, म्हणून बाजूला आद्याक्षरी केली आहे.

आता थोडे कामाचे. देवळाच्या पहिल्या नकाशात समोरच्या मांडावर फरशी आणि भोवती लोखंडी जाळी होती. सभेत मी गप्प बसलो होतो, हे कबूल करतो. कारकुनाला गप्प बसण्याची सवय असते. पण दोन ज्येष्ठ मानकऱ्यांनी आणि मुंबई मंडळाच्या मंडळींनी मांड मोकळा ठेवायचा आग्रह धरला. देणगीदारांपैकी एकांनी जाळीसाठी दिलेली रक्कम जांभ्याच्या पायऱ्यांकडे वळवू दिली, त्यांचे नाव त्यांच्याच इच्छेवरून फलकावर नाही. आज तुम्ही बसला आहात त्या ह्या पायऱ्या. चिऱ्याच्या पायरीवर रात्री बसायला जरा गार लागते, गोधडी आणावी.

ध्वनिक्षेपकाविषयी बरेच जण मला विचारतात, कारण अर्ज आमच्याच कचेरीत फिरतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर लावता येत नाही. वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत सण-उत्सवासाठी बारा वाजेपर्यंत सवलत देता येते, पण ते दिवस आधी जाहीर झालेले असावे लागतात. म्हणून शाळेच्या मुलांचे नाटक संध्याकाळी सातला सुरू करून साडेनऊला संपवावे, म्हणजे कोणाचे मन आणि कोणाची झोप मोडणार नाही. दशावतारी मंडळी बाराच्या पुढे माईक बंद करून बोलतील. त्यांचा आवाज तसाही व्हाळापलीकडे जातो. आणि करमणूक कर भरावा लागेल का, असे विचारणाऱ्यांना सांगतो की तो १ जुलै २०१७ पासून जी.एस.टी.मध्ये गेला, आणि आपण तर तिकीटच लावणार नाही. ताट फिरवू.

दुसरी गोष्ट शनिवारची. २९ फेब्रुवारी २०२० पासून सरकारी कचेऱ्यांचा आठवडा पाच दिवसांचा झाला, त्यामुळे मला शनिवार मोकळा असतो. पहिली चार वर्षे तो मी पत्ते आणि झोप यांत घालवला. समितीने आता महिन्यातला दुसरा शनिवार मांडासाठी राखला आहे. एका महिन्यात डबलबारी भजन, एका महिन्यात बायकांच्या फुगड्या, आणि जानेवारीत शाळेचे नाटक. वाद्यवृंद आणि डी.जे. आणण्याची काही तरुणांची इच्छा आहे. मला ते पसंत नाही, पण माझ्या पसंतीला विचारतो कोण. लग्नात लावा. मांडावर मात्र आपल्याच माणसांनी उभे राहावे, मग ते विसरले तरी चालेल आणि निजले तरी चालेल.

येत्या शनिवारी दुपारी तीनला ह्याच जागी तालीम सुरू होईल. गुरुजींचा तोच आग्र्याचा प्रवेश घेतला आहे, नकला मी नव्याने लिहून काढल्या आहेत, अक्षर कचेरीचे असल्याने वाचता येते. बाईंनी प्रत्येक घरी चिठ्ठी पाठवली आहे. ती दहावीच्या घरांतही गेली आहे. माझी मुलगी आता अकरावीला तालुक्याच्या गावी आहे, शनिवारी दुपारच्या एस.टी.ने येते. तिला मी विचारले, तेव्हा 'बघते' म्हणाली. काल रात्री पडद्याला ठिगळ लावताना दिसली, तेव्हा मी काही बोललो नाही. प्रॉम्प्टिंगला मी बसणार आहे. महाराज, मदारी आणि तीन पहारेकरी मिळाले आहेत. हिरोजी अजून मिळालेला नाही. उंची बेताची असावी, बोलणे एकच वाक्य आहे. गोधडी आमच्या घरून येईल.

मागे संकासुर तयार होऊन उभा आहे आणि मृदंग दोनदा वाजून गेला, तेव्हा मी खाली बसतो.