धानशेतीसाठी पाण्याचे व निचऱ्याचे पाइप : निवड आणि निगा

(पोंभुर्णा येथील शेतकरी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पंप घ्यायचा म्हटला की आपण चार गावे फिरतो, कंपनी विचारतो, अश्वशक्ती विचारतो, शेजाऱ्याचा पंप चालवून पाहतो. पाइप मात्र त्याच दुकानातून, जो समोर असेल तो, बाजारच्या दिवशी उरलेल्या पैशात घेतो. मग ऐन गरजेच्या वेळी इंजीन फटफट करीत राहते आणि बांधीत पाणी पोचत नाही. म्हणून आज पंपाबद्दल बोलणार नाही, फक्त पाइपाबद्दल बोलणार आहे.

आपला भाग तलाव-बोड्यांचा. मालगुजारी संपून सत्तर वर्षे उलटली, तरी माजी मालगुजारी तलावांवर आणि आपापल्या बोड्यांवर आजही पुष्कळ धान उभे आहे. अंधारी आणि वैनगंगेच्या काठचे शेतकरी नदीनाल्यातून पाणी उचलतात. पाऊस चांगला पडतो, पण वेळेवर पडेलच असे नाही. धान गर्भात असताना किंवा लोंबी बाहेर पडताना आठ-दहा दिवसांची उघाड पडली, की बोडीतले पाणी दोन-तीन दिवसांत बांधीत आलेच पाहिजे. उलट तुडतुडे वाढले किंवा कापणी जवळ आली, की तेच पाणी बाहेर गेले पाहिजे. म्हणजे पाणी आणायचा पाइप एक आणि काढायचा पाइप दुसरा. ही दोन कामे वेगळी, त्यांचे पाइपही वेगळे.

प्रथम ओढीचा, म्हणजे सक्शनचा पाइप. पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो. खरे पाहता पंप पाइपातली हवा कमी करतो आणि बाहेरची हवा पाणी वर ढकलते. हवेची ताकद १० मीटरपर्यंतच पाणी चढवण्याची, आणि प्रत्यक्षात ६ ते ७ मीटरच्या पुढे काठावरचा पंप भरवशाने चालत नाही. जी हवा पाणी ढकलते, तीच पाइपालाही बाहेरून दाबते. पाणी ५ मीटर खाली असेल तर पाइपावर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे अर्धा किलो दाब येतो. मऊ पाइप त्या दाबाने चपटा होतो. निळा किंवा पिवळा गुंडाळीचा चपटा पाइप ओढीला लावता येत नाही, तो यामुळेच. ओढीला आतून कडक वेटोळे असलेला पाइप किंवा सरळ कडक पाइपच पाहिजे. उन्हात तापल्यावर हलक्या प्रतीचा वेटोळ्याचा पाइपही मऊ पडतो. सकाळी चाललेला पंप दुपारी पाणी सोडतो, तेव्हा इंजीन उघडण्याआधी पाइपाकडे पाहावे.

ओढीच्या पाइपाचे तोंड पंपाच्या तोंडापेक्षा लहान कधीही असू नये. पाइप पाण्यापासून पंपापर्यंत सारखा चढता ठेवावा. मध्ये उंटासारखी पाठ आली की तेथे हवा साठते. फूटव्हॉल्व्ह तळापासून फूटभर वर आणि पाण्याच्या पातळीखाली किमान दोन फूट असावा. बोडीत गाळ फार असतो, म्हणून त्याला बांबूच्या टोपलीत बसवण्याची आपल्याकडची जुनी रीत चांगली आहे. ती सोडू नये. सांध्याला तार पिळण्याऐवजी दोन क्लॅम्प लावावेत. ओढीच्या बाजूचे भोक पाणी गाळत नाही, हवा घेते, त्यामुळे ते दिसत नाही. पंप बंद करून पाइप वरून काठोकाठ भरावा. जेथून थेंब पडेल तेथे भोक समजावे.

आता पाणी नेणारा, म्हणजे डिलिव्हरीचा पाइप. जास्तीत जास्त डिझेल येथे वाया जाते. हिशेब नीट ऐका. सेकंदाला ५ लिटर पाणी १०० मीटर न्यायचे आहे. आतून २ इंची पाइप घेतला तर केवळ घर्षणात सुमारे १३ मीटर उंचीइतका जोर खर्च होतो. ३ इंची घेतला तर २ मीटरही लागत नाही. म्हणजे सपाट जमिनीवर पाणी नेतानाही २ इंची पाइपवाला शेतकरी जणू चार मजली इमारतीवर पाणी चढवत असतो! पंपाची कार्यक्षमता निम्मी धरली तर इंजिनाची पावणेदोन अश्वशक्ती नुसत्या घासण्यात जाते.

एक एकर बांधीत ५ सेंटिमीटर पाणी भरायला सुमारे दोन लाख लिटर लागते. सेकंदाला ५ लिटर मिळाले तर अकरा तास पुरतात. अरुंद पाइपामुळे तेच ३ लिटरवर आले तर साडेअठरा तास. तीन एकर धान असेल तर हा फरक जवळजवळ एका दिवसाचा होतो, आणि लोंबी बाहेर पडताना एक दिवसही मोठा असतो. पाइपाच्या किमतीतला फरक एकदाच द्यावा लागतो, डिझेल मात्र दर पाळीला. २०१९ पासून पीएम-कुसुम योजनेतून सौर पंप आले आहेत. त्यांना डिझेल लागत नाही, पण सकाळी आणि ढगाळ हवेत त्यांची ताकद मुळातच कमी, म्हणून त्यांना तर रुंद पाइप अधिकच हवा.

दुकानात मापाची गफलत होते, ती लक्षात घ्या. काळा एचडीपीई आणि कडक पीव्हीसी पाइप बाहेरच्या व्यासावर विकला जातो. ६३ मिलिमीटर म्हणजे बाहेरून ६३. आतून त्याहून कमी, आणि जाडी जितकी जास्त तितका आतला व्यास कमी. रबरी व वेटोळ्याचा पाइप मात्र आतल्या व्यासावर विकतात. म्हणून बाजारात जाताना पंपाचे निप्पल आणि एक मोजपट्टी पिशवीत टाकावी. पाइपावर भारतीय मानकाचा क्रमांक, व्यास, दाबाचा वर्ग आणि बनवणाऱ्याचे नाव छापलेले असावे. कडक पीव्हीसीसाठी ४९८५ आणि पाणीपुरवठ्याच्या एचडीपीई पाइपासाठी ४९८४ हे क्रमांक आहेत. १ किलो दाब म्हणजे साधारण १० मीटर उंची, हे सूत्र पाठ ठेवा. एकूण चढ २० मीटर असेल तर ४ किलोचा पाइप घ्यावा. वाकडी घडी पडून पाणी एकदम अडले की दाब उसळतो, त्याची सोय त्यात होते. उघड्यावर उन्हात टाकायचा असेल तर काळा एचडीपीई घ्यावा. त्यातील काजळी उन्हापासून संरक्षण करते. पांढरा-करडा पीव्हीसी उन्हात ठिसूळ होतो. तो जमिनीत पुरलेलाच बरा.

निचऱ्याकडे आपले लक्ष कमी असते. पाणी काढायचे म्हणजे धुरा फोडायचा, एवढेच आपण जाणतो. तो परत बांधायला दोन माणसे लागतात आणि दुसऱ्या पावसात तोच तुकडा वाहून जातो. त्याऐवजी धुऱ्यात ४ इंची कडक पाइपाचा तुकडा कायमचा पुरावा आणि त्याला लाकडी किंवा प्लॅस्टिकचे बूच बसवावे. युरिया देताना पाणी कमी करणे, तपकिरी तुडतुडे दिसल्यावर तीन-चार दिवस बांधी कोरडी ठेवणे, कापणीपूर्वी आठ-दहा दिवस पाणी काढणे, ही सारी कामे बूच काढून होतात.

निचऱ्याच्या पाण्याला मागून जोर नसतो, ते फक्त उतारावर जाते. म्हणून हा पाइप नेहमी रुंद घ्यावा. येथे मात्र चपटा गुंडाळीचा पाइप शोभतो. तो स्वस्त आहे, हलका आहे, आणि शेजाऱ्याच्या बांधीवरून पाणी थेट नाल्यात सोडता येते. कडा करप्याचा रोग असलेल्या बांधीचे पाणी खालच्या बांधीत सोडले की रोगही खाली जातो, आणि पुढे धुऱ्यावरचे भांडण. पन्नास मीटर चपटा पाइप त्या भांडणापेक्षा स्वस्त पडतो. तो टाकताना मध्ये खोलगट झोळ ठेवू नये. तेथे गाळ बसतो.

बोडीची पाळ न फोडता पंपाशिवायही पाणी काढता येते. कडक वेटोळ्याचा ५ मीटरचा २ इंची पाइप पाण्यात बुडवून पूर्ण भरावा, दोन्ही तोंडे दाबून एक टोक पाळीपलीकडे खाली न्यावे आणि मग सोडावे. बाहेरचे टोक बोडीच्या पाण्यापेक्षा अर्धा मीटर खाली असेल तर तासाला दहा हजार लिटरच्या आसपास पाणी निघते. इंधन शून्य. चपट्या पाइपाने हे होत नाही, कारण पाळीच्या माथ्यावर तोही ओढीचाच पाइप असतो.

रोवणीच्या दिवसांत मजूर याच पाइपाला तोंड लावून पाणी पितात. भगिनींनी हे विशेष ऐकावे, कारण रोवणीत त्याच जास्त असतात. फेरवापराच्या प्लॅस्टिकचा उग्र वासाचा पाइप, फवारणीचे ड्रम भरायचा पाइप आणि निचऱ्याचा पाइप यांतून पिण्याचे पाणी घेऊ नये. हलक्या पीव्हीसीत शिशाचे क्षार असू शकतात. पिण्यासाठी वेगळा छोटा पाइप ठेवावा, त्याला ठळक रंगाची पट्टी बांधावी आणि तो झोपडीत टांगावा. उन्हात पडलेल्या पाइपातले पहिले गरम पाणी सोडून द्यावे. आणि बोडीचे पाणी पाइप बदलल्याने पिण्यायोग्य होत नाही. ते उकळूनच प्यावे.

हंगाम संपला की पाइप आतून धुऊन, निथळून, सैल गुंडाळ्या करून छपराखाली टांगावा. जमिनीवर ठेवला तर उंदीर कुरतडतात. उन्हाळ्यात मोह वेचणीच्या दिवसांत जंगलालगत पाचोळा पेटतो, तेव्हा नाल्याकाठी पाइप पसरून ठेवणे म्हणजे तो जाळण्यासाठीच ठेवणे.

तिकडे टेबलावर सात-आठ पाइपांचे कापलेले तुकडे ठेवले आहेत. हाताने दाबून, वाकवून, वास घेऊन पाहा. कोणाच्या पंपाचे माप, चढाची उंची आणि अंतर माहीत असेल त्यांनी कागदावर लिहून आणावे. हिशेब येथेच करून देतो.