जुन्या मोटारसायकलीचा जीर्णोद्धार

भंडारा, तुमसर, साकोली, पवनी या गावांतील जुन्या घरांच्या पडवीत किंवा मागील अंगणातल्या टिनाच्या छपराखाली अजूनही अधूनमधून एक वस्तू दृष्टीस पडते. धानाच्या रिकाम्या पोत्यांखाली, मोडक्या खाटेच्या आडोशास, टायरांतील हवा गेल्यामुळे जमिनीवर बसल्यासारखी दिसणारी एखादी जावा किंवा राजदूत मोटारसायकल तेथे उभी असते. वीस-पंचवीस वर्षे तिला कोणाचा हात लागलेला नसतो. ज्या गृहस्थाने ती हौसेने घेतली तो पुष्कळदा हयात नसतो, आणि ज्यांच्याकडे ती वारशाने आली ते नागपूर, पुणे किंवा त्याहून दूर नोकरीस असतात. घर विकावयाचे ठरले अथवा डागडुजी काढली म्हणजे या यंत्राचा प्रश्न अकस्मात पुढे येतो. भंगारवाला वजनावर भाव सांगतो. आणि नेमक्या त्याच वेळी घरातील एखाद्याच्या मनात येते की, ही पुन्हा चालू झाली तर?

हा विचार मनात आला की बहुतेक लोक पहिली चूक करतात ती रंगाची. गाडी धुवून, घासून रंगाऱ्याकडे पाठविली जाते. टाकीला मुलामा दिला जातो. नव्या गादीवर नवे कातडे चढते. महिना-दोन महिन्यांत ती लग्नातल्या नवरदेवासारखी सजून घरी येते आणि मग ध्यानात येते की, ती चालत नाही. आणि चालली तरी थांबत नाही. एंजिन उघडण्यासाठी तो सारा साज पुन्हा उतरवावा लागतो व नव्या रंगावर पान्याचे ओरखडे उठतात. जुना मिस्त्री अशा वेळी घरच्या मुलाला एवढेच सांगतो, “भाऊ, रंग मागून देऊ, आधी गाडी थांबते का ते पाहू.” या सांगण्यात सबंध कामाचा क्रम आला आहे.

या गाड्या मुळात आल्या कोठून, हे थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण दुरुस्तीचा पुष्कळसा भाग त्यावर अवलंबून असतो. जावा हे नाव चेकोस्लोव्हाकियातील. फ्रांतिशेक यानेचेक या कारखानदाराने १९२९ साली जर्मनीतील वाँडरर कंपनीच्या मोटारसायकलीचे हक्क घेतले आणि दोन्ही नावांची आद्याक्षरे जोडून ‘जावा’ हा शब्द बनविला. हिंदुस्थानात हीच गाडी म्हैसूर येथील आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून तयार होऊ लागली; १९७३ पासून ‘येझदी’ या नावाने तिची पुढची पिढी निघाली आणि १९९६ साली तो कारखाना बंद पडला. राजदूत ही पोलंडमधील एका नमुन्यावरून एस्कॉर्ट्स कंपनीने बनविलेली. तिची शक्ती बेताची, परंतु दुधाच्या कॅना लटकवून कच्च्या रस्त्याने जाण्यास ती तयार असे. दोन्ही गाड्या दुहेरी झटक्याच्या, म्हणजे ज्यांना टू-स्ट्रोक म्हणतात त्या. त्यांच्या एंजिनास तेलाची निराळी टाकी नाही. पेट्रोलातच तेल मिसळून द्यावयाचे. वारसदाराने ही गोष्ट सर्वांत आधी मनावर बिंबवून घ्यावी. नुसते पेट्रोल घालून चालविलेले असे एंजिन फार दूर जात नाही.

जावाची आणखी एक खुबी नव्या पिढीस चकविते. किक मारण्याचा दांडा शोधीत मुले गाडीभोवती फिरतात आणि तो सापडत नाही. कारण गिअरचा दांडा आणि किकचा दांडा एकच आहे. तो आत दाबून वर वळविला की किक होते, पुन्हा खाली आणला की गिअर. शिवाय गिअर बदलताना तोच दांडा आतून क्लच सोडवितो, हाताने तो दाबला नाही तरी चालते. एका सिलिंडरला दोन सायलेंसर, हेही या गाडीचेच वैशिष्ट्य. ते पाहून एंजिन दोन सिलिंडरचे असावे अशी पुष्कळांची समजूत होते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. भंडारा जिल्हा हा तळ्यांचा आणि धानाचा मुलूख. पावसाळ्यातील चार महिने हवेतील ओल पडवीतल्या लोखंडाला खात असते. त्यात ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला, तेव्हा नदीकाठच्या ज्या घरांत पाणी शिरले त्या घरांतील गाड्यांची गत निराळीच झाली. पुराचे पाणी ओसरते, पण सायलेंसरमधून आणि हवेच्या गाळणीतून आत गेलेला बारीक गाळ एंजिनाच्या पोटात बसून राहतो. अशा गाडीला उत्साहाच्या भरात किक मारणे म्हणजे बेअरिंगच्या गोळ्यांमध्ये आपल्या हाताने वाळू दळणे होय. पाण्याखाली गेलेले एंजिन पूर्ण उघडल्यावाचून फिरवू नये.

पाणी न लागलेल्या परंतु जाम झालेल्या एंजिनाचा उपाय सौम्य आहे. प्लग काढून त्या छिद्रातून पातळ तेल आणि डिझेल यांचे मिश्रण ओतावे आणि चार-आठ दिवस वाट पाहावी. मग गाडी वरच्या गिअरमध्ये घालून मागचे चाक हाताने किंचित पुढे-मागे हलवून पाहावे. सुटले तर उत्तम. न सुटले तर पुन्हा तेल, पुन्हा वाट. दांड्यावर उभे राहून जोर केला असता रिंग मोडते आणि मोडलेली रिंग सिलिंडर कापते. या कामात बिघाड जितका गंजाने होतो, तितकाच अधीरपणानेही होतो.

सिलिंडर झिजला असेल तर तो खरादीकडे नेऊन बोअर करावा लागतो. जावाचा मूळ व्यास ६५ मिलिमीटर. प्रत्येक वेळी पाव मिलिमीटरच्या हिशेबाने तो वाढवून त्या मापाचा पिस्टन बसवितात. आधीच्या मालकाने हे किती वेळा केले आहे ते मोजून पाहावे, कारण लोखंडाची जाडी काही अक्षय नसते. याहून नाजूक काम क्रँकचे आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या ऑइल सीलचे. रबराच्या या सीलना वर्षानुवर्षे पडून राहण्याने चिरा पडतात. एका बाजूचे सील गेले तर बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण विरळ होते, आणि गाडी काही वेळ फारच तडफेने धावून पिस्टन वितळविते. दुसऱ्या बाजूचे गेले तर गिअरपेटीतील तेल आत शोषले जाऊन मागे पांढऱ्या धुराचा लोट निघतो. चारपाच वस्तू नव्या घेण्याची ऐपत असेल, तर त्यांत ही सीले पहिली असावीत. ती स्वस्त आहेत. त्यांच्या अभावी होणारे नुकसान स्वस्त नाही.

कार्बोरेटरमध्ये पितळेचा एक पोकळ तरंगता गोळा असतो. टाकीतून येणारे पेट्रोल किती घ्यावयाचे हे तो ठरवितो. त्याला सूक्ष्म भोक पडले तर आत पेट्रोल शिरून तो बुडतो आणि कार्बोरेटर वाहू लागतो. तो गरम पाण्यात बुडवून धरावा. भोक असेल तेथून बुडबुड्यांची माळ निघते. आतील पेट्रोल सावकाश बाहेर काढून, पुरते वाळवून, झाळकामाचा अगदी लहान थेंब त्या जागी द्यावा. थेंब मोठा झाला तर गोळ्याचे वजन वाढते आणि मूळ रोग दुसऱ्या रूपाने परत येतो. भंडारा हे पितळी भांड्यांच्या धंद्याबद्दल ख्यात असलेले गाव. पितळेला झाळ देण्याचे कसब तेथे वेगळे शोधावे लागू नये. ज्याने शंभर लोटे सांधले आहेत त्याच्या हातून हा गोळा जितका सुबक सांधला जाईल, तितका पुस्तक वाचून आलेल्या हौशी माणसाकडून खचित सांधला जाणार नाही. उघड्या आगीजवळ मात्र तो पेट्रोलसह नेऊ नये.

टाकीच्या आतील गंज काढण्यासाठी जुने लोक तीत बारीक खडे किंवा नटबोल्ट घालून हलवीत. युक्ती चांगली आहे. पण आता तेवढ्याने भागत नाही. २०२५ पासून देशभरातील पेट्रोलमध्ये सुमारे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉल हवेतील पाणी शोषते आणि जुन्या रबरास फुगविते. वापर थोडा असलेल्या गाडीच्या टाकीत असे पेट्रोल महिनोन्महिने ठेवले की तळाशी पाणी जमते व गंज पुन्हा धरतो. म्हणून नळ्या व वायसर इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे घ्यावेत आणि गाडी फार दिवस उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करावी.

आता मिस्त्रीच्या त्या शब्दाकडे, म्हणजे थांबण्याकडे. या गाड्यांचे ब्रेक ड्रमचे. जुन्या अस्तरांत अॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असल्यामुळे ड्रममधील भुकटी तोंडाने किंवा हवेच्या नळीने कधीही फुंकू नये. ओल्या फडक्याने पुसून ते फडके टाकून द्यावे. ड्रम लांबट झाला असेल तर खरादावर गोल करावा, तारा नव्या घालाव्यात. टायरवरील नक्षी नव्यासारखी असली तरी वीस वर्षांचे टायर ठेवू नयेत. रबर बाहेरून शाबूत दिसते आणि वेगात फाटते. चाकांचे आरे एकेक वाजवून पाहावेत. ज्याचा आवाज बोदा निघतो तो ढिला. हँडलच्या मानेतील गोळ्या आणि मागील झुल्याचे बुश पाहिल्यावाचून काम संपले असे समजू नये. या गोष्टी दिसत नाहीत, म्हणून त्यांवर पैसा घालणे जिवावर येते. आणि गाडीवर बसणाऱ्याचा जीव नेमका त्यांवरच असतो.

यंत्राइतकाच वेळ कागदांना लागतो. खाजगी मोटारसायकलीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारसायकलीसाठी हे शुल्क २००० रुपये करण्यात आले. मालक वारला असेल तर वारसाच्या नावे गाडी करण्यास फॉर्म ३१, पुस्तक हरवले असेल तर फॉर्म २६. चासीवरील आकडे गंजाखाली असतात; ते हलक्या हाताने साफ करून त्यांवर कागद ठेवून शिसपेन्सिलीने उतरवून घ्यावेत. कानसीने घासू नये, कारण आकडा पुसट झाला तर गाडी कोणाची हे सांगणारा साक्षीदारच नाहीसा होतो. आज भंडाऱ्याची खूण एमएच ३६ आणि गोंदियाची एमएच ३५. परंतु १ मे १९९९ पूर्वी दोन्ही जिल्हे एकच होते, आणि त्याआधीच्या गाड्यांचे आकडे तर निराळ्याच पद्धतीचे. तेव्हा जुनी नोंद कोणत्या दप्तरात आहे, याचा शोध रंगाऱ्याचे घर शोधण्याआधी घ्यावा.

येथे एक निवड करावी लागते, आणि तीच या साऱ्या खटाटोपातील कठीण गोष्ट. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते. नव्या नोंदणीस ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला आकडा, २०,००० रुपये शुल्क आणि दहा वर्षांची मुदत. आधी नोंदलेल्या गाडीस तिचा मूळ आकडा राखता येतो. मान मोठा आहे. पण अशी गाडी प्रदर्शन, मेळावा, संशोधन, इंधन किंवा दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. १९६८ साली घेतलेल्या ज्या जावावर बसून वडील रोज कचेरीत गेले आणि तुमसरचा बाजार करून आले, तिला हा मान दिला की तिचे रोजचे जाणे कायमचे संपते. मुलाला ती दिवाणखान्याजवळ ठेवून पाहावयाची असेल तर हा मार्ग योग्य. पण आईला मागे बसवून तलावापर्यंत एक फेरी मारण्याची इच्छा असेल, तर साध्या नूतनीकरणाचा, कमी मानाचा व अधिक खेपांचा मार्गच पत्करावा. पुष्कळ घरांत हा प्रश्न विचारलाच जात नाही. अर्ज भरून झाल्यावर चूक कळते.

रंगाचा विचार आता करावयास हरकत नाही. टाकीच्या ज्या भागावर गुडघ्याने घासून रंग उडाला आहे तो तसाच ठेवला तर यंत्राचे काही बिघडत नाही. गंज थांबवावा, पत्रा कोठे खाल्ला गेला असेल तर सांधावा; पण प्रत्येक पोचा काढलाच पाहिजे असे नाही. आरशासारखी चकचकीत झालेली गाडी दारात आणल्यावर घरची वडीलधारी बाई तिच्याकडे परक्यासारखी पाहते, असे घडू शकते.

कागद, विमा आणि धुराचे प्रमाणपत्र हाती आल्यावर पहिली फेरी सकाळी, रहदारी वाढण्यापूर्वी करावी. पंचवीस भाग पेट्रोलास एक भाग तेल, बोअर नवे असेल तर तेल थोडे अधिकच. पहिले काही शे किलोमीटर वेग चाळीसच्या आत ठेवावा आणि एकाच वेगाने फार वेळ चालवू नये. अंबागडच्या डोंगराकडील एखाद्या लांब उतारावर अॅक्सिलरेटर अगदी बंद करून गाडी सोडू नये. पेट्रोल बंद म्हणजे तेलही बंद, आणि पिस्टन त्या उतारावरच धरतो. भंडाऱ्याहून वैनगंगा ओलांडून कारध्यापर्यंत जावे, एंजिन बंद करावे, आणि जरा निवल्यावर प्लग काढून पाहावा. त्याचे टोक कोरडे व चॉकलेटी असेल तर परत फिरून घरी यावे. काळे आणि ओले असेल तर कार्बोरेटर पुन्हा उघडावयाचा आहे. पांढरे फटक दिसले तर कोठून तरी हवा आत जात आहे. त्या दिवशी गाडी किक न मारता टेम्पोत घालून परत आणावी.