चंद्राचा रंग कोणता?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेले भाषण)



रमजानचा किंवा ईदचा चंद्र पाहायला आपण सारे गच्चीवर धावतो. पण त्याच चंद्राचा रंग कोणता, असे मुलाने विचारले तर "पांढरा" म्हणून मोकळे होतो. हे उत्तर बरोबर नाही.

चंद्राची जमीन चांगलीच काळसर आहे. तिच्यावर शंभर भाग ऊन पडले तर सुमारे बारा भागच परत फिरते. आपला जुना डांबरी रस्ता जवळजवळ असाच. तरी तो चांदीसारखा दिसतो, कारण त्याच्यावर लख्ख ऊन असते आणि भोवती काळेकुट्ट आकाश. उगवताना तो तांबूस दिसतो ती करामत आपल्या हवेची. क्षितिजावरून येणाऱ्या प्रकाशाला हवेचा जाड थर ओलांडावा लागतो, वाटेत निळा प्रकाश विखुरतो आणि पिवळा-तांबडा तेवढा पोचतो.

आता डागांविषयी. बसऱ्यात जन्मलेल्या आणि पुढे कैरोत राहिलेल्या इब्नुल हैसमने सुमारे हजार वर्षांपूर्वी चंद्राच्या प्रकाशावर आणि या डागांवर स्वतंत्र निबंध लिहिले. चंद्र आरशासारखा नाही, त्याच्या उजळलेल्या प्रत्येक भागातून प्रकाश चहूकडे जातो, हे त्याने दाखवून दिले. डाग म्हणजे सावल्या किंवा पृथ्वीवरील समुद्रांचे प्रतिबिंब, ही मते त्याने खोडली आणि चंद्राचे द्रव्यच जागोजागी निराळे असावे असे म्हटले. दुर्बीण तेव्हा नव्हती! याच माणसाने टॉलेमीसारख्या थोर पंडिताच्या ग्रंथांवरील शंकांचे एक पुस्तक लिहिले. घरात किंवा वर्गात मुलाच्या शंकेला "गप्प बस, आधी पाठ कर" असे उत्तर मिळते, तेव्हा मला त्या पुस्तकाची आठवण होते.

त्याचा मुद्दा दगडांनी खरा ठरवला. १९६९ ते १९७२ या काळात अमेरिकन अंतराळवीरांनी चंद्रावरून ३८२ किलो दगडमाती आणली. काळे डाग म्हणजे लाव्हा थिजून झालेला बेसॉल्ट. त्यात लोह पुष्कळ. उजळ भागात कॅल्शियम व ॲल्युमिनियम असलेला फिकट दगड. आणि बेसॉल्ट म्हणजे कोण? आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण! बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर उल्केच्या आघाताने याच दगडात झाले, म्हणून चंद्राच्या विवरांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ तेथे येतात.

मग दगड एकाच जातीचा असून कोकणची माती लाल आणि चंद्राची राखाडी, असे का? कोकणात हजारो-लाखो वर्षे पाऊस पडला, दगडातले लोह गंजले, आणि त्याचा जांभा झाला. आपल्या कित्येकांच्या घरांच्या भिंती त्याच गंजाने लाल आहेत. चंद्रावर ना हवा, ना पाऊस. तेथे सूर्याकडून येणारे कण आणि बारीक उल्कांचा मारा यांनी धुळीवर लोहाचे अतिसूक्ष्म कण बसतात, आणि ती गंजण्याऐवजी काळवंडते.

बुध तर चंद्राहूनही काळा. पेन्सिलीत असते ते ग्राफाइट त्याच्या जमिनीत मिसळलेले असावे, असा शास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे. शुक्राचे मात्र आपल्याला ढगच दिसतात, दगड नाही.

मंगळ लाल, तो गंजलेल्या लोहाच्या धुळीमुळे. पण ही लाली फार खोल नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये 'क्युरिऑसिटी' या यंत्रगाडीने तेथील एका खडकाला भोक पाडले, तेव्हा आतून निघालेली पूड राखाडी होती. हाच प्रयोग विद्यार्थ्यांना उद्या करता येईल. ओढ्याकाठचा एखादा तांबूस पडलेला काळा दगड घ्या आणि मोठ्या माणसाला तो फोडायला सांगा. साल तपकिरी निघेल, गाभा काळा. मुलींनाही हातोडी धरू द्या.